शनिवार पेठेतलं जुनं वन आरके: इसार देण्याआधी काय काय तपासायचं?

पिन_४११०३०

दोन जागा बघून झाल्या आहेत, दोन्ही पुनर्विक्रीच्या.

पहिली शनिवार पेठेत. १९८४ ची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं वन आरके, मागणी ३८ लाख. एजंट '२३० कार्पेट' (घराच्या आतलं क्षेत्र, चौरस फुटांत) म्हणतो. टेप लावून आलेली मापं अशी: बाहेरची खोली १२ × १० फूट, स्वयंपाकघर ८ × ६, संडास-बाथरूम मिळून ७ × साडेतीन, बंद केलेली गॅलरी १० × ३. सोसायटी नाही, 'अपार्टमेंट आहे' एवढंच सांगतात.

दुसरी सदाशिव पेठेत. बरीच नवी इमारत, चौथा मजला, लिफ्ट. जाहिरातीत 'स्टुडिओ अपार्टमेंट', मागणी ४१ लाख. करारनाम्यात मात्र 'ऑफिस क्र. ४०२' आहे. मालकांचं म्हणणं, त्या मजल्यावर सगळे राहतातच.

राहणार एकच व्यक्ती. पाच-सहा वर्षांनी भाड्याने द्यायचा विचार. कर्ज २८ लाखांच्या आसपास लागेल. एजंट आठवडाभरात इसार मागतोय. त्याआधी कागद, बांधकाम आणि परिसर या तिन्हींत काय बघायचं? 'पेठेत घेऊच नका' हे ऐकून झालंय, ते सोडून सांगा.

---

सूची_दोन

पेठेतलं वन आरके बघताना रंग, खिडकी, टाइल्स हे सगळं नंतर. आधी एकच शोधायचं: ती खोली मंजूर नकाशात स्वतंत्र सदनिका म्हणून आहे का?

वाडे पाडून इमारती झाल्या तेव्हा वाड्यातल्या भाडेकरूंना जागा द्याव्या लागल्या. एका खोलीत राहणाऱ्याला बदल्यात एक खोली-स्वयंपाकघर मिळालं. अशी वन आरके अस्सल. नकाशात आहेत आणि त्यांना स्वतःचा क्रमांक आहे. दुसरी जात मागाहून जन्मलेली. दोन भावांच्या वाटणीत मध्ये भिंत घालून टू बीएचकेची दोन केलेली, गच्चीवर चढवलेली खोली, पार्किंग बंद करून काढलेली जागा. आतून दोन्ही सारखीच दिसतात आणि एजंट भावही सारखाच सांगतो.

ओळखायचं कसं? महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), अपार्टमेंटचं घोषणापत्र (यालाच सगळे डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणतात), मिळकत कराचं बिल आणि विजेचं बिल हे चार कागद शेजारी शेजारी ठेवा. चौघांतही सदनिकेचा क्रमांक एकच हवा, आणि क्षेत्रफळात बिल्टअप (भिंतींसकट) आणि कार्पेट यांच्या फरकाइतकीच तफावत हवी. पहिले दोन महत्त्वाचे. शेवटच्या दोनांनी मालकी सिद्ध होत नाही, त्यांचा उपयोग विसंगती पकडायला.

'अपार्टमेंट आहे' यावर थांबू नका. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली घोषणापत्र नोंदलेलं असेल तरच ती अपार्टमेंट. त्यात प्रत्येक सदनिकेचं क्षेत्र आणि जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते. शिवाय विक्रेत्याच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट झालेलं हवं. पेठेत नेहमीचं चित्र असं असतं की घोषणापत्र झालेलं आहे, पण अर्ध्या सदनिकाधारकांकडे फक्त जुना करारनामा आहे, डीड केलंच नाही. मग मूळ जागामालकाचे वारस शोधून सह्या घ्याव्या लागतात. ते काम विक्रेत्याचं. तुमच्या खरेदीखतानंतर करू म्हणाला तर नाही म्हणा.

करारनामा १९८४ चा असेल आणि किरकोळ रकमेच्या स्टॅम्पवर असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका. ताबा देणाऱ्या करारनाम्याला खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं. त्यानंतरचे कागद मात्र पूर्ण मुद्रांकित आणि नोंदलेले हवेत.

मधल्या काळात मालक वारला असेल तर वारसांची पूर्ण यादी घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची हक्कसोडपत्रं नोंदलेली आहेत का बघा. नसतील तर त्यांना खरेदीखतावर संमतीसाठी घ्या. पेठेतली निम्मी प्रकरणं इथेच अडतात, कारण एक बहीण परदेशात असते आणि कुलमुखत्यारपत्र करायला तिला वेळ नसतो.

जमिनीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. मूळ वाडामालकाचं नाव अजून असणं हे पेठेत नवल नाही. इतर हक्कांत काय लिहिलंय, धारणाधिकार (जमीन कोणत्या हक्काने धरलीय) कोणता, आणि जमीन एखाद्या देवस्थानाची किंवा सार्वजनिक न्यासाची तर नाही, हे वाचा. न्यासाची असेल तर मूळ व्यवहाराला धर्मादाय आयुक्तांची परवानगी होती का, इथून सुरुवात करावी लागते.

हवेली दुय्यम निबंधक कार्यालयातला ३० वर्षांचा शोध वकिलाकडूनच करून घ्या. संकेतस्थळावरच्या सूची क्र. २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) वरून अलीकडचे दस्त दिसतात, जुने हाताने शोधावे लागतात. सोबत मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन १५ दिवस थांबा. आठवड्यात इसार मागणाऱ्याला हे वेळापत्रक आवडणार नाही, पण त्याला इलाज नाही.

---

ओळंबा

मापांपासून सुरू करतो. १२ × १० म्हणजे १२०, ८ × ६ म्हणजे ४८, ७ × साडेतीन म्हणजे २४.५. बेरीज १९२.५. गॅलरीचे ३० धरले तर २२२.५. एजंटचे २३० या मापांतून येत नाहीत. रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येत गॅलरी कार्पेटमध्ये येत नाही, त्यामुळे भाव काढायचा तो १९२.५ वर: चौरस फुटाला साधारण १९,७४०. एजंटच्या आकड्याने तोच १६,५२० दिसतो. घासाघीस करताना हा कागद पुढे ठेवा.

आता बांधकाम. १९८४ ची तीन मजली इमारत आरसीसी (कॉलम-बीमवर उभी) असेल किंवा लोड बेअरिंगही (भिंतींवर उभी). दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. आतल्या भिंतीसुद्धा नऊ इंच किंवा चौदा इंच भरल्या आणि कोपऱ्यात कॉलम कुठेच पुढे आलेला दिसला नाही, तर लोड बेअरिंग समजा. मग स्वयंपाकघराची भिंत काढून 'ओपन किचन' करायचं स्वप्न तिथेच सोडा. ती भिंत वरचा स्लॅब पेलते. वर तुम्हीच शेवटचे असलात तरी गच्चीचा स्लॅब आणि टाकी आहेच.

तिसरा म्हणजे शेवटचा मजला, तेव्हा गच्चीवर चढाच. बघायच्या जागा: टाकीखालचे खांब, पॅरापेटच्या मुळाशी गेलेली आडवी चीर, पावसाळी पाइपची तोंडं, आणि गच्चीवर किती थर चढवलेत. आधी ब्रिकबॅट कोबा, त्यावर चिनी टाइल्स, त्यावर पुन्हा कोणी डांबरी मेंब्रेन, वर पत्र्याची शेड असं दिसलं तर दर थरामागे एक गळती होती असं समजा. शिवाय प्रत्येक थराचं वजन स्लॅबवर.

घराच्या आत छताकडे बघताना बीमच्या खालच्या कडेला समांतर जाणारी चीर शोधा. ती असेल तर आतली सळई गंजली आहे. गंज सळईपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं काँक्रीट ढकललं जातं. आधी चीर पडते, मग पोपडा सुटतो. हातोडीच्या दांड्याने छतावर ठिकठिकाणी हलकेच ठोका. भक्कम जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ. नुकताच रंगवलेला तुकडा असेल तर तिथे आधी ठोका.

संडास-बाथरूम तुमच्या घरात बघून उपयोग नाही, दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघा. त्या काळी बाथरूमखालचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरत आणि त्यातून नहाणी ट्रॅपची पाइप नेत. वॉटरप्रूफिंग गेलं की ही भर स्पंजासारखी पाणी धरते. भर उन्हाळ्यातही खालचं छत ओलं राहतं आणि स्लॅबची सळई आतून सडते. वरून ग्राउट भरून हे थांबत नाही. सगळी भर काढून, पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग करून, ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी लागते. खालच्या मजल्यावरच्यांना विचारलंत तर ते इतिहास सविस्तर सांगतील, तेवढा उत्साह त्यांच्यात असतो.

इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का विचारा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय. अपार्टमेंटमध्ये बहुधा कोणी करत नाही. अहवाल असेल तर फक्त 'इमारत सुस्थितीत' हे शेवटचं पान नको, चाचण्यांचे आकडे बघा: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, आणि कार्बोनेशन. कार्बोनेशनच्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉलफ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे आणि सळई सुरक्षित. सळईच्या खोलीपर्यंत रंगच आला नाही तर गंजाला दार उघडलेलं आहे.

जिना मोजा. तीन फुटांच्या आतला, वळणाचा जिना असेल तर सहा बाय सहाचा बॉक्स बेड आणि तीन दारी कपाट वर जाणार नाही. गॅलरीतून दोरीने ओढायचं तर गॅलरीला ग्रिल आहे, आणि ते कापायला शेजारचे परवानगी देतील असं धरू नका. सुटं करता येणारं सामानच घ्या.

---

गल्लीबोळ

कागद-बांधकाम झालं. मी फक्त जमिनीवरचं सांगतो.

शनिवार पेठ म्हटल्यावर आधी शनिवारवाड्यापासूनचं अंतर काढा. ते केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. अंतर हवाई, सरळ रेषेत. दिल्ली दरवाजापासून पायी मोजलेलं चालत नाही, तटाची सर्वांत जवळची बाजू धरायची. पहिल्या १०० मीटरमध्ये इमारत पाडून नवी बांधता येत नाही, फक्त परवानगीने दुरुस्ती. पुढच्या २०० मध्ये बांधता येते, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मंजुरीने, आणि उंचीवर मर्यादा येते. दुरुस्तीलाही तिथे परवानगी लागते. एजंट 'दोन-तीन वर्षांत रिडेव्हलपमेंट आहे, दुप्पट मिळेल' म्हणाला तर त्याच्यासमोर मोबाइलवर नकाशा उघडून रेषा काढा. चेहऱ्यावरून कळेल.

दुसरी रेषा नदीची. ओंकारेश्वर, वर्तक बाग या बाजूला असाल तर विकास आराखड्यात निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी कुठवर आलं ते जुनी माणसं अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण मीटरची खोली, जमिनीखालची टाकी आणि पंप तळमजल्यावर असतात. ते बुडाले की वरच्यालाही वीज-पाणी नाही.

खिडकी कुठे उघडते ते बघा. शेजारी दोन मजली जुना वाडा असेल तर आज ऊन-वारा छान येतो. तो वाडा उद्या पडून इमारत झाली की हातभर अंतरावर भिंत. वीस वर्षं उजेड मिळत असेल तर सुविधाधिकाराचा दावा करता येतो, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं आणि बिल्डर तोवर स्लॅब टाकून मोकळा होतो. तेव्हा एक तरी खिडकी रस्त्यावर किंवा बोळावर उघडणारी हवी. सगळ्या डक्टमध्ये उघडत असतील तर पारवे, वास आणि दिवसाही ट्यूबलाइट.

गाडी असेल तर विसरा. दुचाकीला सम-विषम तारखेचं पार्किंग आणि तेही मिळालं तर. उलट मंडई, कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाल्यापासून गाडीची गरज कमी झालीय. गणपतीत दहा दिवस रिक्षा दारात येत नाही. विसर्जनाला लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर या चारही रस्त्यांच्या आत राहणाऱ्याने दूध-औषधं आदल्या दिवशी भरून ठेवायची.

---

वर्गणीदार

कोणी बोललं नाही म्हणून: देखभालीचा हिशेब. सोसायटीत सेवाशुल्क दर सदनिकेला सारखं, मग १९० फुटांचं वन आरके असो की ९०० फुटांचा फ्लॅट. अपार्टमेंटमध्ये खर्चाची वाटणी अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याने. लहान घरवाल्याला अपार्टमेंट स्वस्त पडते. पण रिडेव्हलपमेंटच्या वाटाघाटीतही तुमचा टक्का तेवढाच असतो, हे दुसऱ्या बाजूने लक्षात ठेवा.

भाड्याने देताना सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावू शकत नाही, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क कमाल २५ हजार. हे दोन्ही नियम सोसायट्यांचे. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्र आणि त्यांचे उपविधी काय म्हणतात ते चालतं, म्हणून ते आधी वाचा. काही जुन्या अपार्टमेंटमध्ये बँक खातंच नसतं, वर्गणी एका काकांकडे रोख जाते. अशा ठिकाणी थकबाकी नसल्याचा दाखला कोण देणार, हे आत्ताच विचारा.

स्वतः राहात असाल तोवर पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरलेला हवा. भाडेकरू ठेवलात की सवलत जाते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉटवर जागा देणारे बरेच जण सवलत तशीच चालू ठेवतात आणि मग फरकाचं बिल येतं. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी बंधनकारक आणि जबाबदारी मालकाची. पोलिसांना भाडेकरूची माहिती वेगळी द्यायची.

---

सूची_दोन

पैशाचं राहिलं होतं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (५ मूळ, १ स्थानिक संस्थेचा, १ मेट्रोचा अधिभार). ३८ लाखांवर २.६६ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत, म्हणजे ३८ हजार वाचतात. जोडीला पुरुषाचं नाव आलं की सवलत गेली.

शुल्क व्यवहाराची रक्कम आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरतक्त्याचं) मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर. जुन्या इमारतीला घसारा मिळतो आणि लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्याला वजावट, पण इमारतीचं वय कागदाने दाखवावं लागतं. भोगवटा पत्र नसेल तर पहिल्या कर आकारणीचा उतारा काढून ठेवा.

कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के. हे कमाल. चाळिशी ओलांडलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या वन आरकेला बँक तेवढं देईलच असं नाही. मूल्य म्हणजे तुमचा सौदा नव्हे, बँकेच्या व्हॅल्युअरचा आकडा, आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. समजा व्हॅल्युअरने ३३ लाख लावले आणि बँकेने ८० टक्के दिले, तर कर्ज २६.४० लाख. घरासाठी पदरचे ११.६० लाख, मुद्रांक २.६६, नोंदणी ०.३०, एकूण १४.५६ लाख, वकील आणि दलाली वेगळी. २८ लाख कर्ज धरून चाललात तर इथे खड्डा पडेल. बऱ्याच बँकांची किमान क्षेत्रफळाची अट असते आणि कर्ज संपेपर्यंत इमारत टिकेल का हेही त्या बघतात. म्हणून इसाराआधीच दोन बँकांत घराचे कागद दाखवा, फक्त पगाराचे नव्हे.

सदाशिव पेठेतल्या 'ऑफिस क्र. ४०२' बद्दल थोडक्यात: ते ऑफिसच आहे. कर बिगरनिवासी दराने, वीज व्यावसायिक दराने, मुद्रांक मूल्यांकन ऑफिसच्या दराने आणि गृहकर्ज बहुतेक ठिकाणी नाहीच. बिगरनिवासी कर्ज मिळालं तर जास्त व्याजाने. वापरबदलासाठी महापालिकेची सुधारित मंजुरी लागते, ती एका गाळ्यापुरती मिळवणं अवघड. 'सगळे राहतात' हा पुरावा नाही, उलट एकाने तक्रार केली की सगळ्यांना नोटीस.

---

पिन_४११०३०

सगळ्यांचे आभार. ४०२ रद्द. शनिवार पेठेतल्या जागेचे दोन कागद मिळाले. विजेचं बिल स्वतंत्र, ग्राहक क्रमांकही स्वतंत्र, पत्ता 'फ्लॅट ९अ'. मिळकत कराचं बिल मात्र 'फ्लॅट ९' असं एकच आहे आणि शेजारचे निम्मे पैसे देतात. विक्रेते म्हणतात, पूर्वी शेजारी त्यांचे भाऊ राहायचे, वाटणीपत्र झालेलं आहे. घोषणापत्र 'शोधतो' म्हणालेत. नकाशावर रेषा काढली: शनिवारवाड्यापासून अंदाजे १७० मीटर.

---

सूची_दोन

'९अ' मधल्या 'अ' नेच उत्तर दिलंय. महावितरण राहणाऱ्याला मीटर देतं, मालकी तपासायला बसत नाही, त्यामुळे वेगळ्या ग्राहक क्रमांकाला वजन नाही. कर एकच याचा अर्थ महापालिकेच्या लेखी ती अजून एकच सदनिका आहे. वाटणीपत्राने भावाभावांत कोण कुठे राहणार हे ठरतं, पण एका सदनिकेच्या दोन मंजूर सदनिका त्याने होत नाहीत. ते नोंदलेलं आहे की साध्या कागदावर, हेही बघा.

घोषणापत्र विक्रेत्याने शोधायची वाट बघू नका. इमारतीतल्या ज्यांच्या सदनिकेची अलीकडे विक्री झाली असेल त्यांच्या सूची क्र. २ वर किंवा डीडच्या मजकुरात घोषणापत्राचा दस्त क्रमांक आणि वर्ष सापडतं. ते घेऊन दुय्यम निबंधकांकडे प्रमाणित प्रतीचा अर्ज करा. परिशिष्टात सदनिकांचा तक्ता असतो. तिसऱ्या मजल्यापुढे ९ एकदाच आला, समोर एकच क्षेत्रफळ आणि एकच टक्केवारी दिसली, तर ९अ नावाचं काही विकायला अस्तित्वातच नाही. दुरुस्त करायचं तर महापालिकेकडून सुधारित नकाशा मंजूर आणि मग पुरवणी घोषणापत्र, ज्यावर बाकीच्या सदनिकाधारकांच्या सह्या. त्या सह्या सहसा मिळत नाहीत, कारण सह्या करणाऱ्याचा काही फायदा नसतो.

तक्त्यात ९अ वेगळं निघालं तरच पुढे जा. इसार चेकने, छोट्या रकमेचा, आणि इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्या की बँकेचा कायदेशीर किंवा तांत्रिक अहवाल प्रतिकूल आला, किंवा शोधात दोष निघाला, तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. एजंटच्या छापील पावतीत हे कलम नसतं. हाताने लिहून दोघांच्या सह्या चालतात.

---

ओळंबा

प्रत यायला वेळ लागेल, तोवर पाच मिनिटांचं काम. ९ आणि ९अ मधली भिंत मोजा. साडेचार इंच असेल तर संशय धरा. मग त्या भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगपाशी बसून जुन्या मोझॅक टाइल्स बघा. भिंत मूळची असेल तर टाइल्सची रांग भिंतीपाशी संपते आणि तिथे कापलेला, कमी रुंदीचा तुकडा असतो. नंतर बांधली असेल तर भिंत टाइल्सच्या डोक्यावर उभी असते, अख्खी टाइल तिच्याखाली शिरलेली दिसते आणि शेजारच्या घरात सांधे त्याच रेषेत पुढे जातात. खालच्या मजल्यावर जाऊन त्या रेषेखाली बीम किंवा भिंत आहे का तेही बघा. स्वयंपाकघराचा आउटलेट शेजारच्या बाथरूमच्या पाइपला जोडलाय का, हे शेजारच्यांचा नळ बंद असताना बादलीभर पाणी ओतून कळेल.

---

पिन_४११०३०

आज जाऊन बघितलं. भिंत साडेचार इंच. टाइल भिंतीखाली शिरलीय, शेजारी सांधे सरळ रेषेत पुढे. इसार दिलेला नाही.